निळ्या फाटकाच्या घराचे पडदे

या व्यवहारात एजंटला दोन टक्के मिळणार होते, मला बासष्ट लाख आणि बायकोला तळमजला. म्हणजे मी तरी तसं धरून चाललो होतो.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पायऱ्या बहात्तर. हिचा उजवा गुडघा चाळिसाव्या पायरीला कुरकुरायला लागतो आणि साठाव्या पायरीला बोंब मारतो. म्हणून मी दोन गल्ल्या पलीकडे एक घर हेरलं होतं. तळमजला, निळं फाटक, मागे लिंबाचं झाड. मालकांशी बोलणी मी परस्पर केली, म्हणजे तिथले एजंटचे पैसे वाचले!

"महिनाअखेरपर्यंत थांबतो," मालक म्हणाले. "विसार म्हणून थोडे पैसे देऊन ठेवता का?"

"कशाला? मला काही घाई नाही."

असं म्हटलं की समोरचा आपोआप भाव उतरवतो. पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्यात सव्वीस वर्षं काढली आहेत मी! माझ्यासमोरून विक्रेते घाम पुसत उठायचे. गरज दाखवली की भाव गेला, एवढं एकच शास्त्र मला येतं.

ही मात्र त्याच संध्याकाळी टेप घेऊन त्या घरी गेली, खिडक्या मोजून आली आणि मशीनवर पडदे शिवायला बसली. पिवळे, बारीक फुलांचे.

"अहो, एजंटला सांगून टाका ना, त्या घरासाठी हे सगळं चाललंय म्हणून."

"वेडी आहेस का? त्याला कळलं की गिऱ्हाइकाला कळलं!"

एजंट आला. पोरगेलासा, पण त्याच्या खिशांत इतक्या घरांच्या चाव्या, की तो तिसऱ्या मजल्यावर असतानाच आम्हाला ऐकू आला. बसल्या बसल्या त्याने विचारलं,

"काका, आधी एक ठरवू. तुम्हाला भाव हवा की वेळ गाठायचीय? भाव हवा तर मी ताणतो. वेळ कमी असेल तर पटकन मोकळं करतो. फक्त माझ्यापासून लपवू नका. डॉक्टरपासून लपवता का?"

डॉक्टरपासूनही मी लपवतो. म्हणालो, "भाव! वर्षभर थांबायची तयारी आहे माझी."

"मग विकताय कशाला?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. "कंटाळा आला!"

"काकूंना जिन्याचा त्रास होत असेल ना?"

"छे! दिवसातून पाच वेळा वर-खाली करते. हौसेनं!"

स्वयंपाकघरात उलथनं पडल्याचा आवाज आला.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर नवरा-बायको. हिला मी ताकीद देऊन ठेवली होती, पाहुणे असेपर्यंत लंगडायचं नाही. त्यामुळे ही खिडकीपाशी फोटो काढायला उभी केल्यासारखी अर्धा तास उभी! डॉक्टरीणबाईंना वारा आवडला, उजेड आवडला.

"अठ्ठावन्न देतो," त्या म्हणाल्या.

मी मनात कमीत कमी सत्तावन्न धरले होते! आतून टुणकन उडालो, बाहेरून जांभई दिली. "बासष्ट."

एजंटनं मला पॅसेजमध्ये ओढलं. "काका, माणसं सरळ आहेत, पैसे तयार आहेत. देऊन टाका."

"ताण!"

"त्यांना महिनाअखेर राहायला जायचंय हो."

"मग गरज त्यांची आहे. वाढवतील!"

एजंट गुणी. सांगितलं तसंच बोलला. "काकांना घाई नाही, वर्षभर थांबतील. काकू तर हा जिना हौसेनं चढतात." डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडे कौतुकानं पाहिलं. ही हसली. त्या हसण्यात काय होतं, ते मी तेव्हा वाचलं नाही.

चार दिवस फोन नाही. "शिजतायत," मी हिला सांगत होतो. पाचव्या दिवशी जिन्यात चाव्या वाजल्या आणि एजंट मिठाईचा पुडा घेऊनच आत आला.

"काका, तुमच्यामुळे जमलं!"

"बासष्टला?"

"तुमचं नव्हे हो. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी त्या डॉक्टरांना दुसरं घर दाखवलं. काल विसारही झाला. इथे जवळच, तळमजला, निळं फाटक..."

"मागे लिंबाचं झाड," ही म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीला चार फुटी पडदा लागतो."

"काकू, तुम्हाला कसं माहीत?"

मग त्याची नजर मशीनवरच्या पिवळ्या कापडावर गेली, तिथून हिच्या गुडघ्यावर, तिथून माझ्यावर.

"काका, एक शब्द बोलला असतात! एका दुपारी दोन्ही घरं मार्गी लावली असती मी."

मी तणतणत मालकांना फोन लावला. "महिनाअखेरपर्यंत थांबणार होतात ना?"

"तुम्हीच म्हणालात, तुम्हाला घाई नाही!"

हिनं आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. तिनं पडद्यांच्या घड्या घातल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"डॉक्टरांकडे देऊन या. आपल्या खिडक्यांना आखूड होतात."

देऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी मापात बसले हो!"

तर एजंटला दोन टक्के मिळाले, दोन्हीकडून. डॉक्टरांना लिंबाचं झाड मिळालं, वर पडदे. आमचं घर अजून विकायचं आहे. भाव त्रेपन्नवर आलाय, आणि आम्हाला घाई आहे, हे मी दूधवाल्यालाही सांगून ठेवलंय. माझ्या खिशातून एक पैसा गेला नाही. हिच्याकडून मात्र रोज बहात्तर पायऱ्या जातात. उतरतानाच्या मी धरलेल्या नाहीत.