पान बेचाळीसचा राजा

देवळ्याच्या कुसाबाईंचं पत्र येऊन आठ महिने झाले, तरी मल्हारीरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र चारच ओळींचं. 'तुमच्या बुद्धिबळाच्या पुस्तकात पान बेचाळीसवर लिहिलंय, पांढरा तीन चालींत मात करतो. होत नाही. काळा राजा सुटतो. खुलासा करावा.'

मल्हारीराव सगळं बुद्धिबळ पुस्तकांतून शिकलेले. समोर जिवंत माणूस बसला की त्यांना चाल सुचत नसे, म्हणून ते कुणाशी खेळतच नसत. तरी आयुष्यातलं एकुलतं एक पुस्तक त्यांनी याच विषयावर लिहिलं होतं. आता पान बेचाळीस त्यांनी चाळीस वेळा मांडून पाहिलं. चाळीसही वेळा मात झाली. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की चूक आपल्याला दिसतसुद्धा नाही.

"चौतीस वर्षं पोस्टात लोकांच्या पत्रांवर शिक्के मारलेत," त्यांच्या पत्नी लताबाई म्हणाल्या. "एका बाईला उत्तर देता येईना?"

"चूक सापडल्याशिवाय काय कळवू?"

"मग नुसती कबूल करा आणि सुटा, अहो!"

पण आधी वाचकांना सावध करणं त्यांना रास्त वाटलं. 'पान बेचाळीसवरील कोडे चुकीचे आहे. क्षमस्व.' अशा चिठ्ठ्या छापून त्यांनी घरातल्या दोनशे प्रतींत चिकटवल्या. मग वाटलं, बेचाळीस चुकलं तर एक्केचाळीस तरी कशावरून बरोबर? शेवटी त्यांनी रद्दीवाल्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. मल्हारीरावांनी मान खाली घालूनच दार उघडलं. "पलंगाखाली आहेत. सगळी न्या."

"काय नेऊ?" दारात नऊवारीतल्या एक बाई उभ्या होत्या. "मी देवळ्याची कुसाबाई. पिंपळगावच्या बाजारात कांदा घालून आले. भाऊ, उत्तर का नाय दिलं?"

मल्हारीरावांनी पट मांडला आणि वजिराची पहिली चाल केली. कुसाबाईंनी काळा राजा उचलला आणि थेट अडीच घरांवर नेऊन टेकवला.

"अहो, ही घोड्याची चाल!"

"मग? शह बसायच्या आधी राजा एकदा घोड्यावानी उडतो. माझ्या बानं शिकवलंय. तुमच्या बुकात नाय?"

"तो देशी नियम. माझं पुस्तक आंतरराष्ट्रीय नियमांचं. म्हणजे... मात होते!"

"म्हणजे आता दोनशे चिठ्ठ्या खरवडायच्या?" लताबाईंनी कपाळाला हात लावला.

कुसाबाईंनी एक प्रत उघडून चिठ्ठी वाचली. "राहू द्या की. आमच्या देवळ्यात बरोबर हाय ती."

मागाहून आलेल्या रद्दीवाल्याला लताबाईंनी जुने पेपर देऊन वाटेला लावलं. कुसाबाई चहा पिऊन उठल्या. "खुलासा मात्र पत्रानंच धाडा. सून म्हणती, बुकं लिवणारे उत्तर देत नसत्यात. तिच्यासमोर पोस्टमन आला पायजे. आन खाली एक चाल लिवा. मी पुढली धाडते."

संध्याकाळी मल्हारीरावांनी कार्ड लिहिलं. खुलासा, क्षमा, आणि तळाशी बरीच खाडाखोड करून एक चाल: राजापुढचं प्यादं दोन घरं. माणसाविरुद्धचा त्यांचा पहिला डाव.

टपालपेटीत कार्ड हातातून सुटलं आणि त्यांना आठवलं, देशी नियमात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. त्यांनी पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. कार्ड केव्हाच तळाला गेलं होतं. मग ते स्वतःशीच हसले. चुकीची चाल पाहून कुसाबाई गप्प बसतील, हे शक्यच नव्हतं.