नाबरकाकांची नापास गावं

"पाव किती मिनिटांवर आहे?"

नाबरकाका माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. जुलै महिना, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि माझ्या ड्राइव्हवेमध्ये पंचाहत्तरीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात लांब दांड्याची काळी छत्री. ना नमस्कार, ना नाव. मी गाडीतून किराणा उतरवत होते. मला वाटलं, बिचारे वाट चुकले असावेत.

"सात मिनिटं," मी म्हटलं.

"चालत?"

"छे हो, ड्राइव्ह करून. चालत इथे कोण जातं?"

काकांनी खिशातून वही काढली, कानामागची पेन्सिल उतरवली, काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "नापास." मग छत्री टेकत पुढच्या घराकडे निघून गेले. मी नागपूरची. मला असं तोंडावर नापास करून कोणी गेलेलं चालत नाही. पण हातात दहा किलो तांदूळ होते.

संध्याकाळी शेजारची शलाका डबाभर लाडू घेऊन माफी मागायला आली. "बाबा आहेत माझे. कालच इंग्लंडहून आणलं त्यांना. आई गेली, आता तिथे एकटे कसे ठेवू? सगळ्यांना पावाचं विचारत सुटलेत. प्लीज, मनावर घेऊ नकोस यार."

लाडू चांगले होते. मी मनावर घेतलं नाही.

तर हे नाबरकाका. इंग्लंडमधल्या हॅदरबी नावाच्या गावात त्यांनी आयुष्यभर बस चालवली. हॅदरबी इतकं लहान, की नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली आख्खं झाकलं जातं. पण काकांच्या बोलण्यात ते लंडनच्या वरताण. "आमच्या टाउनात" म्हणून सुरू झालं, की समोरच्याने खुशाल चहाला आधण ठेवावं. आमच्या टाउनात पाव सहा मिनिटांवर. आमच्या टाउनात उतारावर बाक. आमच्या टाउनात बस दर पंधरा मिनिटांनी, आणि ती चालवायला खुद्द आम्ही!

गाव राहण्यालायक आहे की नाही, हे ठरवायची काकांची चार विषयांची परीक्षा होती. पाव, बाक, बस आणि तक्रार. प्रत्येकी पंचवीस मार्क, चाळीसला पास. "घराबाहेर पडल्यावर दहा मिनिटं चालायचं. दहा मिनिटांत जे भेटेल ते गाव. बाकी सगळा नकाशा."

मी आमच्या ह्या अमेरिकन उपनगराची, ईडन प्रेरीची, बाजू घ्यायला गेले. नऊ वर्षं राहत होते मी इथे, थोडा तरी अभिमान असणारच. म्हटलं, "काका, इथली तळी बघा, ट्रेल बघा, किती सुंदर!"

"सुंदर आहेत. पण ट्रेल जातो कुठे?"

"तळ्याला वळसा घालून परत येतो."

"मग गेलो कशाला?" काका म्हणाले. ह्याला उत्तर असेल तर मला कळवावं.

तक्रार हा विषय मला बरेच दिवस समजला नव्हता. तो काकांनी हिवाळ्यात समजावला. त्या दिवशी उणे पंचवीस होतं. नाकातला श्वास नाकातच गोठत होता. काका फुटपाथवर पोचले तेव्हा समोरचा शेजारी ढोपरभर बर्फ उपसत होता. काकांनी मोठ्या आशेने विचारलं, "टेरिबल वेदर, इझन्ट इट?" तो हसून म्हणाला, "नॉट टू बॅड!"

काका तरातरा माझ्या दारात आले. मिशीवर बर्फ. "उणे पंचवीस! आणि म्हणतो नॉट टू बॅड! ह्या माणसाशी पुढे बोलायचं काय? अगं, अनोळखी माणसाजवळ हवेची तक्रार करता आली पाहिजे. एकाने कुरकुर करायची, दुसऱ्याने त्यात भर घालायची, झाली ओळख. जिथे सगळं छानच असतं तिथे माणूस एकटा मरतो."

आमच्या कॉलनीला तक्रारीत भोपळा मिळाला. पावात भोपळा, बाकातही भोपळाच. बसला दोन मार्क होते, कारण एकदा लांबून दिसली होती.

बर्फ वितळल्यावर काकांनी बाकाचा प्रश्न स्वतःच्या हातात घेतला. शलाकाच्या गॅरेजमधली घडीची खुर्ची रोज सकाळी दहाला उचलायची आणि आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, चौदा नंबरच्या घरासमोर मांडायची. नेमकी तिथेच. घरामागे सावलीचा डेक असताना हा माणूस भर रस्त्यात का बसतो, ते कोणालाच कळेना. पहिल्याच दिवशी चार गाड्या थांबल्या. "आर यू ओके, सर?" पाचवी पोलिसाची होती.

"इज एव्हरीथिंग ऑल राइट, सर?"

"आय ॲम सिटिंग, ऑफिसर."

"कोणाची वाट बघताय का?"

"ह्या वयात कोणाचीही चालेल," काका इंग्रजीत म्हणाले. तो पोलीस तरुण होता, गंभीर होता, पण पाच मिनिटं थांबला आणि जाताना आपल्या पाठदुखीबद्दल बोलून गेला. काका आनंदाने फुलून घरी आले. शलाका मात्र डोक्याला हात लावून बसली होती. "बाबा, डेकवर बसा ना! लोक कॉप्सना बोलावतायत!" काका म्हणाले, "डेकवर बाक नसतो. डेकवर फर्निचर असतं."

शलाकाची चिंता वेगळीच होती. हॅदरबीचं घर जवळजवळ वर्षभर कुलूपबंद होतं. त्याला आता चांगलं गिऱ्हाईक आलं होतं आणि काका सही करेनात. महिनाअखेर सांगतो म्हणाले, विकायचं की परत जाऊन राहायचं. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट. शलाकाला रात्र रात्र झोप नव्हती.

नेमकं तेव्हाच माझ्या ऑफिसने मला चार दिवसांसाठी इंग्लंडला पाठवलं. काकांना कळताच ते छत्री न घेता धावत आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी मला मराठीत स्वच्छ अक्षरात लिहिलेला एक कागद दिला. चार विषय, पुढे रिकाम्या जागा. "रविवारी ट्रेनने हॅदरबीला जा. आमच्या दारापासून चालायला लाग. खरे मार्क दे, ग्रेस नको. तू देशील त्या मार्कांवर मी ठरवणार."

आणि विमानतळावर सोडताना शलाका माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "फेल कर. प्लीज. मी तुझ्या पाया पडते."

एवढ्या दडपणाखाली मी स्वतःची बारावीसुद्धा दिली नव्हती.

हॅदरबीत उतरले तेव्हा पाऊस नव्हता, पण हवेलाच ओल आली होती. काकांच्या दारापासून निघाले. सहा मिनिटांवरची बेकरी बंद होऊन तिथे सिगारेटसारखं काहीतरी विकणारं दुकान झालेलं. पाव पेट्रोल पंपावर, तोही प्लॅस्टिकमधला. पाच मार्क. बस तासाला एक, तीन मार्क. एका दुकानाआड एक दुकान बंद. मला मनातून बरंच वाटलं. शलाकासाठी खोटं बोलायची वेळच येणार नव्हती.

उतारावरचा बाक मात्र होता. एक फळी तुटलेली, उरलेल्या ओल्या. आठ मार्क दिले आणि पाय दुखत होते म्हणून बसले. दोन मिनिटांत एक म्हातारी बाई पिशवीसकट शेजारी येऊन आदळल्या. ना हॅलो, ना काही. "बस आजही आली नाही," त्यांनी मला सुनावलं, जणू बस मीच ठेवून घेतली होती. मग हवा. मग नगरपालिका. मग जावई. तक्रार किती मिनिटं चालते ते मोजायला मी घड्याळ लावलं होतं, ते वीस मिनिटांनी बंद केलं, कारण तोवर मीही माझ्या मॅनेजरबद्दल बोलायला लागले होते.

बोलता बोलता बाईंची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली आणि त्यांनी तो जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, "असाच कागद सूच्या हातात असायचा. हेच अक्षर. वरून रेघ मारलेलं."

"सू?"

"बसवाल्याची बायको. नवी आली तेव्हा रोज हा कागद घट्ट धरून इथे येऊन बसायची. एक शब्द इंग्रजी नाही. मी हवेला शिव्या द्यायचे, ती मान हलवायची. सहा महिन्यांनी माझ्याहून चांगल्या शिव्या द्यायला लागली."

सू म्हणजे सुमनकाकू. काकांच्या परीक्षेचा कागद मी पुन्हा वाचला. पाव, बाक, बस, तक्रार. तक्रारीपुढे मी पंचवीसपैकी पंचवीस लिहिले.

परत आले ती थेट कोपऱ्यावर गेले. काका खुर्चीत होते. कागद हातात घेऊन त्यांनी बेरीज केली. "पाच, आठ, तीन, पंचवीस. एकेचाळीस." दोनदा केली. "पास!"

आता शलाकाला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "बाकावर एक बाई भेटल्या. सुमनकाकूंच्या कागदाबद्दल सांगत होत्या."

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "नवीन आली तेव्हा दार उघडायची नाही गं. मी पहाटे बसवर जायचो, रात्री यायचो. ती दिवसभर खिडकीत. एक दिवस मी तिला कागद लिहून दिला. म्हटलं, ह्या चार गोष्टी शोध. दहा मिनिटांत ह्या सापडल्या, की गाव आपलं. नाही सापडल्या तर सांग, दुसरं गाव बघू. मी कुठेही बस चालवीन."

"मग आता परत जाणार?"

"पास झालेल्या पोराला शिकवणी कशाला?" काका म्हणाले. "हॅदरबीला माझी गरज नाही. शिकवणी नापासाला लागते."

आणि त्यांनी छत्रीने समोर दाखवलं. चौदा नंबरच्या घराची वरची खिडकी. पडदा वीतभर सरकलेला, मागे एक चेहरा.

"मनाली नाव आहे. साताऱ्याची, नवऱ्यानेच सांगितलं. नवरा एकुलती एक गाडी घेऊन सातला जातो. हिला व्हिसामुळे नोकरीची परवानगी नाही, ड्राइव्हिंग येत नाही. वर्ष झालं. तू तिला पाहिलंस कधी?"

नऊ वर्षं राहत होते मी. रोज त्या खिडकीखालून गाडी काढत होते. मी तिला कधीच पाहिलं नव्हतं, आणि हे लिहिताना अजून मला लाज वाटते.

"म्हणून इथे बसता?"

"सुरुवातीला तिच्यासाठी," काका म्हणाले. "आता खोटं कशाला बोलू. शलाका दिवसभर मीटिंगमध्ये. मला तरी इथे बोलायला कोण आहे?"

त्याच संध्याकाळी काकांनी घराच्या कागदांवर सही केली. शलाका रडली, मग बाबांवर ओरडली, मग लाडू केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर दोन खुर्च्या दिसल्या. एक रिकामी. तिच्यावर दगडाखाली एक कागद, मराठीत: पाव, अजून नाही. बाक, दोन मिनिटं. बस, बघू. तक्रार, नाबरकाका, रोज दहा ते बारा.

ती खुर्ची अकरा दिवस रिकामी राहिली. बाराव्या दिवशी चौदा नंबरचं दार उघडलं. एक बारीकशी मुलगी, हातात मेथीची जुडी, तरातरा रस्ता ओलांडून आली आणि धपकन बसली.

"बघा ना काका, काल आणलेली मेथी! आजच पिवळी! ह्याला काय मेथी म्हणतात?"

काकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि वहीतला तक्रारीपुढचा भोपळा खोडला.

मी गॅरेजमधून माझी खुर्ची आणली, त्यांच्या शेजारी मांडली आणि बसल्या बसल्या हवेला नावं ठेवायला सुरुवात केली. हवा खरं तर उत्तम होती.