पाहुणी विडा न घेता बसली, त्याची हकीकत

श्रीकुलदेवता साक्ष. पाहिले ते लिहिले, ऐकिले ते पारखून लिहिले. वाचणारांनी आपले लेकरू जवळ बसवून मग वाचावे.

शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ते समयी मुलखात रोगाचा अंमल, रस्ते बंद, शाळांस कुलुपे. आणि एक दौलत होती, तिचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. दौलत म्हणजे सातव्या मजल्यावरील तीन खोल्या आणि एक सज्जा. धनी निशिकांतराव आतले खोलीत दार लावून कचेरीची मोहीम चालवीत, आणि बाहेरील कुल कारभार त्यांचे कुटुंब हेमांगीबाई यांचे शिरी होता. कन्या केतकीबाई, वय पाच, स्वभावे तोफखाना. एके दिवशी निळा पेला खरकटा पडला होता म्हणोन दूध पिवळ्या पेल्यात दिले, इतक्यावरून बंड जाहले. केतकीबाईंनी फरशीवर अंग टाकिले आणि टाचा आपटिल्या आणि ऐसा टाहो फोडिला की खालचे मजल्यावरून तक्रारीचे वकील आले, आणि निशिकांतरावांनी दार किलकिले करून "अगं, मीटिंग चालू आहे, तिला जरा गप्प कर की" इतके फर्मान सोडून दार पुन्हा लाविले. मग हेमांगीबाईंचा हात उठला आणि लेकीचे गालावर पडला, आणि बोटे उमटली. मग बाई फ्रीजला पाठ टेकून बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. आपण आई व्हावयाचे लायकच नव्हतो, हे त्यांचे मनाने घेतले.

दूरदेशी एक मसलतखाना होता. तेथील शहाणी माणसे घरोघर काचेतून येत आणि आयाबापांस धीर देत. काच म्हणजे तीच, जीस लोक टॅब म्हणतात. हेमांगीबाईंनी तेथे वर्दी दिली आणि ठरल्या वेळी काचेत सौम्याबाई म्हणोन समुपदेशक प्रकट जाहल्या. पाठ ताठ, हात मांडीवर जुळलेले, ऐकताना मान किंचित डावीकडे कललेली. बोलणे ऐसे की दुखत्या कपाळावर कोणी गार हात ठेवावा. म्हणाल्या, "हेमांगीताई, तुम्ही वाईट आई नाही. तुम्ही थकलेली आई आहात. मी ऐकतेय, बोला." इतके कोणी पुसलेच नव्हते, तेणेकरून बाईंचा बांध फुटला आणि त्यांनी सारे पोट मोकळे केले.

आता येथे ह्या घराचा रिवाज लिहिणे प्राप्त. हेमांगीबाईंचे माहेरचे पानदान त्यांचेबरोबर आले होते आणि रीतही आली होती, की उंबऱ्याआत आला त्यास विडा देऊन निरोप द्यावा. विडा घेतला तो उठला. न घेतला तो बसलाच आहे ऐसे जाणावे. आणि घरचे लेकरास विडा कदापि देऊ नये, दिल्यास लेकरू पाहुणे होऊन चालू लागते. गॅसची टाकी आणणाराही ह्या घरून तोंड रंगवून जाई आणि जिन्यात लोक हसत. म्हणोन सौम्याबाई निघू लागल्या तेव्हा हेमांगीबाईंनी सवयीने विडा लाविला आणि काचेपुढे धरिला. सौम्याबाई हसल्या. "अहो, मी कशी घेणार? राहू द्या, पुढे कधीतरी घेईन." मग हेमांगीबाईही हसल्या आणि विडा पानदानात ठेविला आणि बोट लावून काच बंद केली. चूक जाहली ती येथे.

दुसरे दिवसापासून केतकीबाई शहाण्या जाहल्या. दुधी भोपळ्याची भाजी मागून घेतली, खेळणी आपली आपण आवरली, आणि टाहो म्हणोन नाही. निशिकांतराव खोलीबाहेर येऊन म्हणाले, "काय जादू केलीस गं? पैसे वसूल." हेमांगीबाईंस प्रथम सुख वाटले आणि मग वाटेनासे जाहले. कारण केतकीबाई खुर्चीत पाठ ताठ करून बसत आणि हात मांडीवर जुळवीत आणि वारंवार दाराकडे पाहत. जन्मल्यापासून आईस "अगं आई" म्हणणारी पोर एके सकाळी मान डावीकडे कलवून म्हणाली, "आज तुम्हाला कसं वाटतंय? मी ऐकतेय." हेमांगीबाईंचे हातचे लाटणे तेथेच राहिले.

मग दुपारी बाई लेकीची वेणी घालावयास बसल्या. आरसा हाताशी नव्हता म्हणोन बंद काचच पुढे उभी केली आणि सहज आत पाहिले. मांडीवरील केतकी निश्चल बसली होती. काचेतील केतकी फरशीवर पडून टाचा आपटीत होती, तोंड उघडे, गाल भिजलेले, आणि आवाज काडीचा नाही. गालावर बोटे अद्याप उमटलेली. हेमांगीबाई भ्याल्या, बहुत भ्याल्या. परंतु मांडीवरचे लेकरू त्यांनी ढकलिले नाही. तैसेच धरून मसलतखान्यास फोन लाविला. तेथील बाई दबक्या स्वराने बोलिली, "सौम्या मॅडम? त्या तर तुमच्याशी बोलल्या तेव्हापासून स्क्रीनसमोरून उठल्याच नाहीत हो. घरची माणसं हाक मारतात, त्या नुसती मान हलवतात. त्यांचा लहान मुलगा सारखा रडतोय."

मग हेमांगीबाईंस उमज पडला की पाहुणी बसलीच आहे, आणि बसावयास ह्या घरी जागा ती लेकीचीच मिळाली. पानदान उघडिले तो तोच विडा आत, आणि पान ऐसे हिरवे की आताच वेलीवरून खुडले. विडा हाती घेतला खरा, परंतु द्यावा कोणास? मांडीवर पाहुणी असेल तर ठीक. आणि आपलीच पोर तेथे असेल, मन भ्रमले असेल, तर विडा देताच पोटचा गोळा उठून जाईल आणि परतणार नाही. मग बाईंनी निळा पेला आणि पिवळा पेला शेजारी मांडिले आणि पुसिले, "केतकी, दूध कशात देऊ?"

मांडीवरील पोर म्हणाली, "तुम्हाला सोयीचं असेल त्यात द्या." आणि काचेतील पोर धावत आली आणि दोन्ही मुठींनी आतून काच बडवू लागली आणि निळ्या पेल्याकडे बोट करून, मान मागे टाकून, ओरडू लागली.

ज्या हट्टापायी हात उठला होता, त्याच हट्टावरून आईने लेक ओळखिली. विडा मांडीवरचे पोरीचे तळहातावर ठेविला. तिने मूठ मिटली आणि मोठ्या बाईचे आवाजात म्हणाली, "फार वेळ बसले हो. घरी माझा मुलगा वाट बघतोय. येऊ?" हेमांगीबाई रडत म्हणाल्या, "या, मॅडम." मूठ उघडली ती रिकामी, आणि त्याच क्षणी सातवे मजल्यावर ऐसा टाहो फुटला की तावदाने हादरली. हेमांगीबाईंनी निळ्या पेल्यात दूध ओतले. केतकीबाईंनी तो पेला हाताने उडविला आणि म्हणाल्या, "आता मला पिवळाच पाहिजे!" आणि आई दुधात बसून हसली आणि रडली आणि लेकीचा गाल कुरवाळीत राहिली. आतून "अगं, मीटिंग" ऐसे फर्मान आले, ते त्या टाह्यात बुडून गेले.

तो दिवस मावळता हेमांगीबाई रडत्या केतकीस कडेवर घेऊन सज्ज्यात आल्या आणि समोरील इमारतीकडे पाहिले. खिडकीखिडकीत लेकरे बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर जुळलेले, मान किंचित डावीकडे, आणि डोळे दाराकडे. कोठे रडे नाही, भांडण नाही, भांडे आपटल्याचा नाद नाही.

सारांश, इतर घरी काचेतून आलेल्या पाहुण्यांस निरोप देण्याची रीतच उरली नाही. बोट लावितात आणि काच बंद करितात. हेमांगीबाई रोज पानदान भरून विडे लावितात आणि तबक घेऊन समोरील जिने चढतात. आतील माणसे दाराआडून म्हणतात, "नको हो, सध्या कुणाला आत घेत नाही. आणि आमची मुलं अगदी शहाण्यासारखी आहेत." मग बाई तबक घेऊन परततात. इति हकीकत.