रोजची माणसं

विमान अजून मुंबईच्या जमिनीवरच उभं होतं आणि लालासाहेबांचं तीनदा 'नको' म्हणून झालं होतं. आधी सरबताला, मग गरम ओल्या रुमालाला, मग खजुराला. खजूर चांगला बोटाएवढा होता. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, पण ते त्यांनी गिळलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तिकिटं बिझनेस क्लासची होती. दुबईला नोकरी करणाऱ्या वीरधवलनं आईवडिलांना हौसेनं पाठवली होती आणि फोनवर एकच सूचना दिली होती, "आबा, कशाचंबी नवल करू नका. तिथं सगळी रोजची माणसं असत्यात." ती सूचना लालासाहेबांना झोंबली. पलूसमध्ये त्यांच्याइतका चोखंदळ माणूस दुसरा नव्हता. गुळाचा खडा जिभेवर ठेवून ते ऊस कुठल्या रानातला ते सांगत. लग्नाच्या पंगतीत त्यांनी आमटीला नाक मुरडलं, की आचाऱ्याची झोप उडे. अशा माणसानं विमानात शिरून 'आरं तिच्या!' म्हणायचं? त्यांनी ठरवून टाकलं, की आपण महिन्यातनं दोनदा जातो अशा थाटात बसायचं.

थाट कसा असतो ते मात्र ठाऊक नव्हतं. पण नशिबानं वाटेच्या पलीकडे एक गृहस्थ बसले होते. काळा सूट, आरशासारखे बूट आणि चेहऱ्यावर गाढ कंटाळा. एवढा कंटाळा रोजच्या माणसालाच येणार. त्यांनीही सरबत, रुमाल, खजूर सगळं परत पाठवलं होतं. आपला अंदाज बरोबर निघाल्याचं लालासाहेबांना समाधान वाटलं.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, मनुबाईंना, थाटाशी कर्तव्य नव्हतं. "ह्ये काय हाय गं बाळ? आणि ह्ये?" असं विचारत त्यांनी हवाई सुंदरीकडून प्रत्येक गोष्ट समजून घेतली आणि खाल्ली. बोलता बोलता ती पोरगी दहिवडीची निघाली. साक्षी तिचं नाव.

"दुष्काळातली पोर, आणि आभाळात नोकरी!" मनुबाई म्हणाल्या.

"व्हय मावशी. खजूर आणू का अजून?"

"आण की. आवं, तुमीबी घ्या."

"मला सवय हाय," लालासाहेब म्हणाले. कशाची सवय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

विमान वर गेलं. आता जेवण येणार, तेव्हा तरी हो म्हणायचं, असं ठरवून लालासाहेब ऐसपैस झाले आणि त्यांचा कोपर खुर्चीच्या बटणावर पडला. खुर्ची कुरकुरत मागं जाऊ लागली. पाय वर आले, डोकं खाली गेलं आणि बघता बघता लालासाहेब आडवे झाले. त्यांनी हाताला लागली ती सगळी बटणं दाबली. डोक्यावरचा दिवा लागला, विझला, पाठीत काहीतरी गुरगुरलं, पण खुर्ची उठेना.

"आवं, काय झालं?"

"काय न्हाई. झोपतुय."

"साक्षीला बोलवू?"

"खबरदार! रोजची माणसं झोपत्यात." त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून डोळे मिटले. थोड्या वेळानं एक डोळा किलकिला केला, तर सूटवाले गृहस्थही आडवे झालेले. म्हणजे हेही बरोबरच होतं तर!

मग जेवण आलं. कोथिंबीर पेरलेल्या कसल्याशा रश्श्याचा वास लालासाहेबांच्या नाकाशी येऊन थांबला. "मोठ्या साहेबांस्नी उठवू का?" साक्षीनं हळूच विचारलं. उठायचं म्हणजे आधी खुर्ची उठायला हवी, आणि ती कशी उठवतात ते विचारायला हवं. लालासाहेबांनी एक बारीकसं घोरणं काढलं. पलीकडनंही घोरणं आलं. मनुबाईंनी दोन भाज्या, भात, पनीर आणि वर गोडाचे दोन प्रकार संपवले, आणि प्रत्येक घासाला "लय झ्याक" म्हणाल्या.

उतरायच्या आधी साक्षीनं येऊन एक बटण दाबलं आणि लालासाहेब बसते झाले. भुकेनं डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण मान ताठ होती. विमानाबाहेर पडल्यावर त्यांनी सूटवाल्यांना गाठलं. गृहस्थ झपाझप चालायचे, मध्येच थबकून मागं बघायचे. लालासाहेबांनी पाय उचलला, की तेही पुन्हा निघायचे. दोन सरकते जिने झाले, एक लांबलचक बोगद्यासारखी वाट झाली, एक छोटी आगगाडीही झाली.

"आवं, कुणाला तरी विचारू का?" मनुबाई म्हणाल्या.

"गप बस. ते रोजचे हायत."

शेवटी तिघं एका रांगेच्या तोंडाशी पोचले. काउंटरवरच्या माणसानं तिकिटं मागून घेतली आणि हिंदीत विचारलं, "ये लाइन नैरोबी की है. आप लोग नैरोबी जा रहे हैं?"

लालासाहेबांनी सूटवाल्यांकडे पाहिलं. सूटवाल्यांनी लालासाहेबांकडे पाहिलं.

"आवं, तुमी निघालाय कुठं?" सूटवाल्यांनी चक्क मराठीत विचारलं.

"मी तुमच्या मागनं आलो!"

"आन् मी तुमच्याकडं बघून चाललोय! तुमी थांबला न्हाई, म्हटलं वाट बरोबर हाय."

त्यांचं नाव आकाराम. महाबळेश्वरला त्यांच्या तीन टॅक्सी होत्या. दुबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं मुलीच्या लग्नाला तिकीट पाठवून बोलावलं होतं. सूट भाच्याचा होता, बूट एक नंबर लहान. चेहऱ्यावर होता तो कंटाळा नव्हता, बूट चावत होते.

"पण सगळ्याला नको का म्हणत हुता, गड्या?"

"तुमी म्हणला म्हणून! बड्या माणसांस्नी मी वीस वर्सं गाडीच्या आरशात बघतुय. ती कायम नकोच म्हणत्यात. तुमी तर लय बडं वाटला."

"आणि झोपला ते?"

"बटण दाबलं गेलं ओ!"

दोघांच्या पोटात एकदमच गुरगुरलं. तोवर मनुबाईंनी फरशी पुसणाऱ्या बाईला खाणाखुणा करून बाहेरची वाट विचारूनही घेतली होती. त्या पुढं आणि दोन्ही बडी माणसं मुकाट्यानं मागं, असे सगळे तासाभरानं बाहेर आले.

वीरधवल वाट बघून घायकुतीला आला होता. त्यानं वाकून नमस्कार केला. "कसा झाला प्रवास, आबा? विमानात दाबून जेवला असाल, म्हणून तुमच्या सुनेला म्हटलं सैपाक करू नको. नुसती कॉफी घ्यायची आणि पडायचं."

लालासाहेबांनी आकारामांकडे पाहिलं. आकाराम बुटांकडे बघू लागले.

मनुबाईंनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "मी पोटभर जेवले रं. पर ह्या दोघांस्नी विमानातलं रोज रोज खाऊन कटाळा आलाय. गाडी आदी कुठंतरी वडापावच्या दुकानाशी ने."