ठोकून बघणारे साळवे मिस्त्री

आमच्या पुंडलिकनगरात कुणी नवी वस्तू घेतली की ती आधी साळवे मिस्त्रींपासून लपवावी लागते. दिसली की ते ठोकणार. शर्टाच्या खिशात मुठीत मावेल एवढी हातोडी असते. ती नसेल तर मधल्या बोटाचं पेर. फ्रिज असो, दार असो, स्कूटरची टाकी असो, टकटक करून झाली की जवळ जो उभा असेल त्याला विचारतात, "कसा वाजला?"

"चांगला," आपण म्हणावं.

"नीट ऐका, मास्तर." पुन्हा टकटक. आपण कंटाळून म्हणावं, जरा भद्द वाटतो खरा. की लगेच, "मी म्हणलोच!"

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. परीक्षा कशी घेतात हे मला कळतं. हा माणूस आमची परीक्षा घेतोय असं वाटून मला त्यांचा मनापासून राग यायचा.

आमच्या सौ.नं उन्हाळ्यात गुलमंडीवरून माठ आणला. मिस्त्रींनी हातोडी काढली आणि एकदाच ठोकली. माठाचे चार तुकडे झाले. ते तुकडे शांतपणे न्याहाळत मिस्त्री म्हणाले, "बरं झालं वहिनी. आत्ताच कळालं." सौ.नं त्यांना अजून माफ केलेलं नाही. शेजारच्या गायकवाडांकडे मुलीला बघायला मुलगा आला, तर यांनी कौतुक केल्यासारखी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मुलीच्या बापाला सर्वांदेखत विचारलं, "कसा वाजला?" कोपऱ्यावरचा टरबूजवाला तर त्यांना लांबून बघितलं की हात जोडायचा. "चाचा, कायकू ठोकते? तरबूज है, दरवाजा नै. अंदर से कौन जवाब देनेवाला है?"

मिस्त्री त्याच्यावर रागवायचे नाहीत. ते कुणावरच रागवायचे नाहीत. "रंगावर जाऊ नका, बाबा," एवढंच म्हणायचे आणि पुढचं टरबूज उचलायचे. हे त्यांचं पालुपद. नव्या घराला रंग दिला, पोरीनं मेंदी काढली, पुढाऱ्यानं भाषण केलं, सगळ्यावर त्यांचं एकच मत: रंगावर जाऊ नका.

दीड वर्षापूर्वी ते छावणीतलं घर सोडून आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आले. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सरकारी वर्कशॉपात हेड मेकॅनिक होते, डिझेल इंजिनात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, एवढंच आम्हाला ठाऊक. विचारलं कुणीच नाही. आपण गल्लीत माणसांशी बोलतो ते पाणी आलं का हे विचारायला.

आणि मग त्या बोटी सुरू झाल्या. मिस्त्री टपरीवर चहा घेताना मोबाइल पुढे करायचे. त्यात समुद्रातल्या मासेमारीच्या जुन्या बोटींचे फोटो. विकायला काढलेल्या. निळ्या, हिरव्या, नाकावर डोळे रंगवलेल्या. "ही पन्नास फुटी हाय. आठ-आठ दिवस खोल पाण्यात राहती. कशी वाटती?" आता इथून समुद्र गाठायचा तर पहाटे निघालेल्या माणसाची दुपार होते. इथल्या माणसाने बोट घेणं म्हणजे राजापूरच्या माणसाने उंट घेण्यासारखं. टपरीवर हशा पिकायचा. "मिस्त्री, हर्सूलच्या तलावात सोडता का खाम नदीत?" मीही एकदा म्हणालो, "वेरूळच्या कुंडात सोडा, पर्यटक बसतील." सगळ्यांत मोठा हशा मलाच मिळाला. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

जूनच्या तोंडावर एका सकाळी ते आमच्या दारात आले. बेल असताना दार ठोकलं. जय भीम केला आणि म्हणाले, "मास्तर, तुमची गाडी हाय. समुद्रावर जायचंय. सूनबाईनं बोट बघायला बोलावलंय."

"तुम्हाला सून आहे?"

"व्हय. पोरगा नाय."

मी गाडीची किल्ली घेतली. दुसरं काय करणार?

घाट उतरेपर्यंत मी तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींना उत्तर मिळालं नाही. मला वाटलं, माणसाला बोलायचं नाही. चौथ्यांदा जरा चिडून मोठ्याने विचारलं, तेव्हा त्यांनी मान पूर्ण माझ्याकडे वळवली. "ह्या बाजूनं बोलू नका मास्तर. उजवा कान वर्कशॉपातच गेला. इंजिनं ऐकून ऐकून. डावा जायच्या वाटेवर हाय."

"मग तुम्ही ठोकून ऐकता ते काय?"

"ऐकतो कुठं? म्हणून तर तुम्हाला विचारतो."

दीड वर्ष मी ज्याला परीक्षा समजत होतो ती परीक्षा नव्हतीच. मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. घेतली नाही. मग ते आपणहून बोलू लागले, समोरच्या काचेकडे बघत.

मुलाचं नाव विनोद. बापाच्या हाताखाली इंजिन शिकला. बोटींना इंजिनं बसवायच्या कामाला कोकणात गेला आणि तिथलाच झाला. रेखा नावाच्या कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं, तिच्या भावाबरोबर, कमलाकरबरोबर, समुद्रात जायला लागला. पुढे दोघांनी स्वतःची जुनी बोट घ्यायचं ठरवलं. विनोद म्हणाला, बाप बघितल्याशिवाय घेणार नाय. म्हणून मिस्त्री गेले.

"दोन दिवस इंजिन बघितलं. खोललं, भरलं, चालवलं. एक नंबर इंजिन, मास्तर. तसलं मी जिंदगीत चार-पाच बघितलं असंल. पण बोटीला मी हातसुद्धा लावला नाय. आपण ट्रक घेताना बॉडी बघतो का? बॉडी काय, नवी बांधता येती. इंजिन बघायचं. वरून नवा निळा रंग होता. मला वाटलं, लई जपलेली हाय."

बोट घेतल्यावर पाचव्या महिन्यात खोल समुद्रात तळाची एक फळी सांध्यातून उघडली. दुसरी बोट जवळ आली, कमलाकर आणि तिघे खलाशी तिच्यावर गेले. विनोद खाली इंजिनपाशी होता. इंजिनावर पाणी उपसायचा पंप चालत होता. त्याला वाटलं, इंजिन चालू आहे तोवर बोट निघेल. तो सापडला नाही.

"कमलाकर मला धीर द्यायला म्हणला, बाबा, तुमचं इंजिन शेवटपर्यंत बंद पडलं नाय." मिस्त्रींनी खिशातली हातोडी चाचपली. "बंद पडलं असतं तर पोरगं वर आलं असतं ना, मास्तर."

 मी गाडी चालवत राहिलो.

बंदरावर बोटी किनाऱ्याला ओढून ठेवायचं काम चाललं होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यामुळे विकायच्या बोटी याच दिवसांत वाळूवर उभ्या राहतात. रेखा तिशीची असेल. मॅक्सीवर ओढणी, हातात सुक्या बोंबलांची पाटी. पाटी खाली ठेवून तिने सासऱ्याला वाकून नमस्कार केला. विनोद गेल्यानंतर दोघांची ही पहिलीच भेट.

"बाबा, मोबाइलवर फोटो धाडले त्या बोटी ह्याच. ह्या वेळी बोट माझ्या नावावर होनार. भाऊ तिच्यावर जानार. बघायची तुमी."

"दुसरा कुणी बघ, पोरी. मी बघितलेली बुडली."

"म्हनून तर तुमी," ती म्हणाली. "तुमच्याएवढं दुसरा कोन बघनार नाय."

मग सुरू झालं. पहिल्या बोटीपाशी दलाल पुढे सरसावला. "शेट, इंजिन मारू का? एका सेल्फला उठतंय."

"इंजिनाचं नाव काढू नका," मिस्त्री म्हणाले आणि वाळूत गुडघे टेकून तळाशी शिरले. टकटक. "मास्तर, कसा वाजला?" माझ्या खिशात सवयीने खडूचे तुकडे असतात. जिथे मी भद्द म्हणेन तिथे मिस्त्री त्या खडूने फुली मारायचे. बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याजवळच्या एका फळीला हातोडी लागली आणि भोक बुजवायला भरलेल्या लांबीची खपली निघून ओला भुसा पडला. वर रंग असा की लग्नात नेऊन उभी करावी. दुसरी बोटही तशीच गेली. दलालाचा चेहरा उतरत चालला.

दुसऱ्या दिवशी तिसरी बोट. ही चांगली होती. गावातल्या म्हाताऱ्या सुताराने सांगितलं, सागवान आहे, पाणी अडवायला सांध्यात ठोकलेला कापूस नवा आहे, डोळे मिटून घ्या. मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. एकेक फळी, एकेक वीत. दुपारचं ऊन, खालून तापलेली वाळू आणि मासळीचा वास. मी आपला "खणखणीत, खणखणीत" म्हणत सुटलो.

"खरंच खणखणीत? का घरी जायचंय म्हणून?"

मला घरी जायचं होतं, हे खरं होतं. माझा चेहरा बघून त्यांनी त्या फळीवर फुली मारली. मग पुढच्या. मग त्या पुढच्याही. बघता बघता चांगली बोट फुल्यांनी भरली. दलाल ओरडला, "काका, बोट घ्यायची हाय का तिच्याशी लगीन लावायचं हाय?" कुणी हसलं नाही. मिस्त्रींनी आणखी एका फळीवर फुली मारली. मला तेव्हा कळलं, हा माणूस कुठल्याच बोटीला हो म्हणू शकणार नाही. माझ्या शब्दावर तर नाहीच.

रेखाने ओढणी कमरेला खोचली आणि शिडीवर पाय ठेवला.

"ताई, तू नको जाऊस खाली," शिडी धरून उभा असलेला कमलाकर म्हणाला.

ती वर चढली, आणि तिथून खाली, बोटीच्या पोटात, इंजिन असतं त्या अंधारात उतरली. आतून तिचा आवाज आला. तो मी मिस्त्रींच्या डाव्या कानाशी पोचवला: "म्हणते, ठोका बाबा. मी हाय आत."

मिस्त्रींनी नाकाजवळच्या पहिल्या फळीवर ठोकलं. नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळले, पण विचारायच्या आत थांबले. त्यांचा दुसरा हात फळीवर पसरलेला होता. आतून, नेमकी त्याच फळीच्या पलीकडून, रेखाने मुठीने ठोकलं होतं. एकदा. दोनदा. त्यांना ते ऐकू आलं नसणार. तळहाताला कळलं.

त्यांनी बाहीने तिथली फुली पुसली. पुढची फळी ठोकली. आतून उत्तर आलं. तीही फुली पुसली. असे ते वाकून बाहेरून आणि ती अंधारात चाचपडत आतून, नाकापासून पंख्यापर्यंत गेले.  जाळी विणणाऱ्या बायकाही हात थांबवून बघत होत्या. शेवटची फुली पुसून झाली तेव्हा त्यांची बाही पांढरी झाली होती.

"मग काय ठरलं, काका?" दलालाने आता जरा हळू विचारलं.

"घ्या," मिस्त्री म्हणाले. मला वाटलं, सुटलो. मी गाडीची किल्ली काढली.

पण मिस्त्री परत चालत नाकाजवळच्या पहिल्या फळीपाशी गेले. दोन्ही तळवे तिच्यावर टेकले, गालही टेकला आणि बोटाच्या पेराने हळूच ठोकलं. बोट घेऊन झाली होती, आता बघायचं काही उरलं नव्हतं, तरी ठोकलं.  आत रेखाने नाकाशी परत येऊन ठोकून उत्तर दिलं.

"मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आतून बोलतंय कुणीतरी."

आणि त्यांनी पुन्हा ठोकलं.