सेंट ऑस्विन कॉलेजातले भुताचे भाषण

‘बुंगाई थेत्फोर्दुम, दिसे वातोनुस एली.’

मानवी जीवनाविषयी याहून गंभीर काही लॅटिनमध्ये म्हटले गेले असेल, असे आम्हां केंब्रिजच्या विद्वानांना वाटत नाही. वाचक सुशिक्षित आहेत, तेव्हा भाषांतर देऊन मी त्यांचा अपमान करणार नाही. ही ओळ मनात ठेवून पुढचा वृत्तान्त वाचावा, म्हणजे झाले.

नाटक कळणे ही नाट्यकलेच्या प्रगतीतली सर्वांत मोठी आडकाठी आहे. लंडनला नदीपलीकडे जी नाटके होतात ती सर्वांना कळतात, आणि त्याचे परिणाम आपण पाहतोच: लोक आपणहून जातात, स्वतःच्या खिशातून पैसे देतात, पोट धरून हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. विद्यापीठाने हा रोग वेशीबाहेर ठेवला आहे. फिरत्या नटांना आमच्यापासून पाच मैलांच्या आत खेळ करायला बंदी आहे. तरी त्यांच्या मंडळ्या येतात. मग आमचे अधिकारी त्यांना सन्मानाने बोलावतात, खेळ न केल्याबद्दल बक्षिसी देतात आणि वाटेला लावतात. (नेड गॅमेज नावाच्या नटाची मंडळी दर हिवाळ्यात, वेळेवर, खेळ न करण्यासाठी आमच्याकडे येते.) या न झालेल्या नाटकांविषयी आजवर एकाही प्रेक्षकाची तक्रार नाही.

झालेल्या नाटकांविषयी असे म्हणवत नाही. आमच्या सेंट ऑस्विन कॉलेजच्या घटनेप्रमाणे दर हिवाळ्यात जेवणघरात एक लॅटिन शोकनाटक झालेच पाहिजे. जो त्यात काम करणार नाही त्याला दंड, जो बघायला येणार नाही त्याला दंड, आणि जो बघताना इंग्रजीत बोलेल त्याला दुप्पट दंड. कॉलेजच्या आवारात एरवीही लॅटिनच बोलायचे असते. मोहरीच्या चटणीला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते कोणाला आठवत नसल्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षांत ती मागितलेली नाही, आणि त्यावरून तिची आवड कमी झाल्याचे अनुमान काढून कॉलेजने खरेदी बंद केली आहे. विद्येने काटकसर होते ती अशी.

शोकनाटकाचे शास्त्र सोपे आहे. पहिल्या अंकात एक भूत येते आणि पुढे काय काय भयंकर घडणार ते सांगते. पाचव्या अंकात एक दूत येतो आणि काय काय भयंकर घडले ते सांगतो. मधल्या तीन अंकांत काहीही घडत नाही, कारण रंगमंचावर काही घडणे प्राचीनांना असभ्य वाटे.

घडायचे ते प्रेक्षकांत घडते. नाटकाच्या दिवशी इतर कॉलेजांतली पोरे आत घुसू बघतात (नाटकासाठी नव्हे, आत घेत नाहीत म्हणून) आणि दगडफेक करतात. पूर्वी खिडक्यांच्या काचा फुटायच्या. आता कॉलेज दूरदृष्टी दाखवून नाटकाआधीच सगळ्या काचा उतरवून ठेवते. त्यामुळे दगड कुठेही न अडकता थेट प्रेक्षकांपर्यंत पोचतात आणि जानेवारीचा वाराही पोचतो, पण काच वाचते. काचा उतरवणे आणि परत बसवणे हे काम ह्यू स्कॅटरगुड या काचकाऱ्याकडे आहे. शहरात लॅटिन नाटकाचा इतका कळकळीचा आश्रयदाता दुसरा नाही.

हसायचे कधी आणि रडायचे कधी, याचीही पद्धत ठरलेली आहे. विद्यार्थी फेलोंकडे, म्हणजे कॉलेजच्या खर्चाने राहणाऱ्या विद्वानांकडे बघतात, फेलो पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या प्रमुखांकडे, म्हणजे डॉक्टर फुलवुड यांच्या डाव्या भुवईकडे बघतात, आणि डॉक्टर फुलवुड शेजारच्या ग्रीकच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांकडे बघतात. प्राध्यापक ठार बहिरे आहेत आणि बहुधा झोपलेले असतात. झोपेत त्यांची मान पडली की सभागृह हळहळते.

अशा परिस्थितीत माझा मित्र आणि खोलीतला सोबती मास्टर ट्रिस्ट्रम पेवरेल याने ‘तिरोब्राक्स’ हे शोकनाटक लिहिले, तेही एका मुलीसाठी. मुलगी म्हणजे स्कॅटरगुडची सिसली. ट्रिस्ट्रम एकदा काढलेल्या काचा मोजायला गेला आणि तिथेच अडकला, त्याला चार वर्षे झाली. आता, कॉलेजच्या फेलोला लग्न करता येत नाही. लग्न केले की फेलोशिप गेली, खोली गेली, जेवण गेले. त्यावर उपाय एकच. कुठल्या तरी गावच्या चर्चची जागा मिळवायची, तिथे घरही असते आणि बायकोही चालते. अशी एक जागा लॉर्ड हॅवरशॉ यांच्या हातात होती आणि तिथला म्हातारा पाद्री नुकताच वारला होता. लॉर्डसाहेबांनी कळवले की आपण नाटकाला येऊ, आणि पेवरेलचे नाटक मनात भरले तर जागा त्याची. लॉर्डसाहेबांना लॅटिन येत नव्हते. ही गोष्ट ते लपवत नसत, एवढाच त्यांच्यात आणि आमच्यात फरक.

स्कॅटरगुडचा धीर सुटत चालला होता.

“मास्टर, तुमच्या कविता चांगल्याच असणार,” तो ट्रिस्ट्रमला म्हणाला. “पण पोरीला किती दिवस घरात ठेवू? यंदा जागा मिळाली तर ठीक. नाहीतर ईस्टरला मेणबत्तीवाल्याच्या पोराशी उरकून टाकतो. त्याला तोंडाचा वास येतो, पण दुकान आहे.”

“बाबा, वासाचं आधी नाही बोललात,” सिसली म्हणाली.

नाटकाच्या दिवशी सकाळी काचा उतरल्या. दुपारपर्यंत भुताचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला असे पडसे झाले की त्याच्या घशातून शब्दच फुटेना. भुताचे भाषण फार लांब होते आणि दुसऱ्या कोणाला ते पाठ नव्हते. भूत नाही म्हणजे पहिला अंक नाही, आणि पहिला अंक नाही म्हणजे लॉर्डसाहेब घरी. ट्रिस्ट्रम खुर्चीच्या मागे जमिनीवर बसला आणि त्याने तोंड झाकून घेतले. मीही त्याच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसलो, हे मी इथे उघड सांगतो. एरवी मी फारसा हळवा नाही.

तेव्हा स्कॅटरगुड म्हणाला, “माझ्या घरी एक नट बसलाय बिअर पीत. सकाळीच त्याला खेळ न करण्याचे पैसे मिळालेत.”

नेड गॅमेज आला. धिप्पाड, लाल नाकाचा, अख्ख्या जेवणघराला पुरून उरेल अशा आवाजाचा माणूस.

“हे बघा, मी न करण्याचे पैसे घेतलेत,” तो म्हणाला. “आता करायचं म्हणजे धंद्याशी बेइमानी.”

“तुला लॅटिन येतं का?” ट्रिस्ट्रमने विचारले.

“तुमच्या त्या लॉर्डला येतं का?”

“नाही.”

“मग त्याची न् माझी गाठ बरोबर पडली. चेहऱ्याला पीठ कोण लावतंय?”

ट्रिस्ट्रमने तासभर त्याच्यापुढे डोके फोडले. गॅमेजला दोन ओळी पाठ झाल्या. उरलेल्या ओळींबद्दल तो म्हणाला, “मास्टर, तुम्ही जाऊन बसा बघू. भूत एकदा उभं राहिलं की काय बोलतंय ते कोण विचारतो?” पकडले गेलो तर ट्रिस्ट्रमची फेलोशिप जाणार, जागा जाणार आणि सिसली मेणबत्त्यांच्या दुकानात बसणार, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होते. दुसरा मार्ग नव्हता.

नाटक सुरू झाले. मशालींच्या धुरातून, पिठाने माखलेला, मेजावरची चादर पांघरलेला गॅमेज हळूहळू उठला आणि त्याने पाठ केलेल्या दोन ओळी म्हटल्या. मग तो थांबला. माझ्या शेजारी ट्रिस्ट्रमने डोळे मिटले. थांबणे लांबले. पहिल्या रांगेत कोणी तरी खोकले. आणि मग गॅमेजने हात वर केले आणि तो बोलू लागला.

तो काय बोलला ते मला नंतर त्यानेच सांगितले. त्याला सुचेना, तेव्हा त्याची मंडळी वर्षभर ज्या रस्त्यांनी चालते त्या रस्त्यांवरच्या गावांची नावे तो एकामागून एक घेऊ लागला, आणि प्रत्येक नावाला लॅटिन वाटेल अशी शेपटी लावू लागला. नॉर्फोक परगणा संपल्यावर शेजारचा सफोक घेतला. सफोक संपता संपता त्याला लिन गावात तापाने गेलेली बायको आठवली, आणि त्या गावाचे नाव त्याने तीनदा घेतले. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला.

जेवणघराच्या मागच्या टोकाला उभे असलेले स्वयंपाकी पहिल्यांदा रडले. (त्यांना पद्धत माहीत नव्हती.) मग लॉर्ड हॅवरशॉ रडले. लॉर्ड रडताना दिसताच डॉक्टर फुलवुड यांची भुवई खाली आली आणि संपूर्ण सेंट ऑस्विन कॉलेज ज्येष्ठतेच्या क्रमाने रडू लागले. बहिरे प्राध्यापक जागे झाले, त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि कोण वारले म्हणून विचारले. बाहेरच्या पोरांनी दगड मारायचे थांबवले, असेही सांगतात.

इथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. आमचे निम्मे विद्यार्थी नॉर्फोकचे. डॉक्टर फुलवुड खुद्द वॉटनचे; त्यांची आई अजून तिथे कोंबड्या पाळते. त्या सभागृहात एकाही माणसाने आपल्या गावाचे नाव ओळखले नाही. लॅटिन ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानात गाव शिरत नाही, याला आम्ही एकाग्रता म्हणतो.

पुढचे चार अंक ट्रिस्ट्रमच्या शब्दांत झाले. त्यात राणीचे विलाप होते, आणि त्यातले काही मी आजही रात्री अंथरुणात मनाशी म्हणतो, इतके ते सुंदर आहेत. लॉर्डसाहेब गाढ झोपले.

शेवटी त्यांनी ट्रिस्ट्रमला बोलावले. सिसली बापाबरोबर काचा परत बसवायला आली होती, ती हातात एक काच धरून दाराशीच उभी राहिली.

“बाळ, ते भुताचं भाषण!” लॉर्डसाहेब नाक पुसत म्हणाले. “लॅटिन मला येत नाही, पण अक्षर न् अक्षर कळलं. माणूस चालतोय, एकेक ठिकाण मागं पडतंय, आणि एका ठिकाणी कोणीतरी राहून गेलंय. असंच ना?”

ट्रिस्ट्रमने बोलायला तोंड उघडले.

“फार तर ढोबळ अर्थ तसा निघेल, महाराज,” डॉक्टर फुलवुड मध्येच म्हणाले. “वस्तुतः तो उतारा आत्म्याच्या सात अवस्थांविषयी आहे. आधार प्राचीन आहे. मी लगेच ओळखला.”

“असेल, असेल. आणि बाकीचे अंकही छान होते हं. अशी झोप मला घरी लागत नाही. जागा तुझी.”

ट्रिस्ट्रम माझ्यापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा गॅमेजच्या पिठापेक्षा पांढरा होता. “पहिल्या दोन ओळी सोडल्या तर त्यातलं एक अक्षर माझं नाही,” तो कुजबुजला. “मी जाऊन खरं सांगतो.”

“सांगा ना,” सिसली काच न हलवता म्हणाली. “पण आधी लग्न होऊ दे. मग जन्मभर मला सांगत बसा. मी ऐकेन.”

तिने तो शब्द पाळला आहे. दोघे त्या गावात सुखात आहेत; तीन मुले आहेत, मोहरीची चटणी रोज असते. ट्रिस्ट्रम रविवारी सांगतो ते प्रवचन लोकांना कळते आणि त्यामुळे फार थोडे लोक येतात. नाटक त्याने पुन्हा लिहिले नाही. याचे मला वाईट वाटते, पण राणीचे विलाप माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात नसल्याने वाईट वाटणारा मी एकटाच आहे.

भुताचे भाषण मात्र अजरामर झाले. ज्या विद्यार्थ्याने ते उतरवून घेतले त्याला बक्षीस मिळाले. डॉक्टर फुलवुड यांनी त्यावर भाष्य लिहिले, ऑक्सफर्डच्या एका विद्वानाने ते भाष्य खोडून काढले, आणि आता आत्म्याच्या अवस्था सात की नऊ यावरून दोन पक्ष पडले असून ते एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. परीक्षेत उतारा विचारतात. चुकल्यास दंड आहे. लॉर्ड हॅवरशॉ यांनी त्यातली एक ओळ आपल्या वडिलांच्या थडग्यावर कोरून घेतली. गॅमेजची मंडळी दर हिवाळ्यात येते. खेळ न करण्याची त्याची बक्षिसी आता वाढली आहे, कारण तो न बोलण्याचेही घेतो.

थडग्यावरची ती ओळ आपण वाचलेली आहे. या वृत्तान्ताच्या माथ्यावर तीच घातली आहे. शेपट्या काढल्या की गावे उरतात: बंगे, थेटफोर्ड, डिस, वॉटन, ईली. ती वाचताना आपण क्षणभर थांबलात, चेहरा गंभीर केलात आणि पुढे गेलात. कोणालाही अर्थ विचारला नाहीत. आपली डावी भुवई तेव्हा फार विद्वान दिसत होती. पुढच्या हिवाळ्यात अवश्य या, पहिल्या रांगेत आपली जागा राखून ठेवली आहे. येताना घोंगडी आणा, काचा काढलेल्या असतील.