पिकअपचा थंडीताप

पिकअपचा एसी पुन्हा बंद पडला आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगवरचा हातही न काढता निदान जाहीर केलं.

"गॅस कमी झालाय."

"अहो, मागच्याच आठवड्यात भरलात ना?" बायको म्हणाली.

"मग जास्त झाला असेल."

डॉक्टर म्हणजे काही खरे डॉक्टर नव्हेत. गृहस्थांचं सगळं आयुष्य पाण्याचे पंप विकण्यात गेलं होतं. पण कुणाचीही कुठलीही वस्तू बिघडली की ती न उघडता तिचा आजार सांगायची त्यांना भारी हौस, म्हणून गल्लीने ही पदवी बहाल केली होती. निदान चुकलं तर त्यांना त्याचं काही वाटत नसे. वस्तूच हट्टी आहे म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे.

घरात बायको केक करायची, सासूबाई त्यावर साखरेची फुलं बसवायच्या आणि डॉक्टर तो केक पोहोचवायचे. म्हणजे तिघांत सर्वांत सोपं काम त्यांचं आणि सर्वांत जास्त बोलणंही त्यांचंच. पिकअप चांगली म्हातारी होती. मागे उघडा हौदा, पुढे एकच लांब सीट. स्टिअरिंगला डॉक्टर, पलीकडच्या दाराशी मांडीवर खोकं घेऊन बायको, आणि मधे सासूबाई. बायकोच्या आईला आपला धक्का लागणं डॉक्टरांच्या संस्कारात बसत नव्हतं. त्यामुळे ते अंग चोरून, दाराला पालीसारखे चिकटून गाडी चालवत.

आता या रविवारी एका मोठ्या हॉटेलात लग्नाचा दोन मजली केक द्यायचा होता. तो धड पोहोचला तर हॉटेलचं रोजचं काम मिळणार होतं. क्रीम वितळून कोसळला, तर बायकोच्या एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. आणि एसीचा हा असा लहरी कारभार! मनात आलं तर हिमालय, नाही आलं तर भट्टी.

"सरळ टॅक्सी करू या ना," बायको म्हणाली.

"घरात गाडी असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील, डॉक्टरांना स्वतःची गाडी बरी करता येत नाही?"

"तेच खरं आहे ना पण!"

डॉक्टर तडक एकटेच मेकॅनिककडे गेले. तिथे एसी असा काही गार वारा सोडायला लागला की मेकॅनिक डोळे मिटून सीटवर रेलला.

"झकास चालतोय की."

"इथे चालतो हो! रस्त्यात दगा देतो."

"मग बंद पडेल तेव्हा आणा. चालत्या एसीला मी काय करू, शाबासकी देऊ?"

दुसऱ्या दिवशी तिघं जात असताना एसी गेला. डॉक्टरांनी आनंदाने आरोळी ठोकली आणि गाडी थेट गॅरेजमध्ये घातली. "मी नाही बाई त्या तेलकट जागेत बसणार," म्हणत सासूबाई उतरल्या, पाठोपाठ बायकोही उतरली. मेकॅनिक हात पुसत आला, आणि एसी सुरू! डॉक्टरांचा चेहरा पडला. मेकॅनिकने त्यांच्याकडे बघितलं ते, खोटं पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराकडे मास्तर बघतात तसं.

"कॉम्प्रेसर तर ठीक आहे," तो म्हणाला. "त्याला एक क्लच असतो. मॅग्नेटवर चालतो. तो कधी कधी सुटतो."

मॅग्नेट! डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासूबाई नसल्या की एसी चालतो. सासूबाई बसल्या की बंद पडतो. आणि सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्याला काय असतं? चुंबकाचा पट्टा! एवढा मोठा शोध लागला आणि टाळ्या वाजवायला कुणी नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

घरी येऊन त्यांनी घोषणा केली, "आई, राग मानू नका. पण बिघाड तुमच्यात आहे."

सासूबाई पाकळी वळत होत्या. तशाच थांबल्या. "माझ्यात?"

"गुडघ्यात. तुमच्या पट्ट्यातला मॅग्नेट गाडीच्या मॅग्नेटला ओढतो."

"अहो, काय बोलताय तुम्ही!" बायको भडकली. "आईचा गुडघा केबिनमध्ये, ते यंत्र बॉनेटखाली!"

"विज्ञानाला अंतर नसतं."

"असू दे गं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "जावईबापू म्हणतायत तर रविवारी काढून ठेवीन पट्टा. तुझा केक पोहोचला म्हणजे झालं."

रविवारी भर दुपारी तिघं निघाले. सासूबाईंनी पट्टा पिशवीत ठेवला होता. एसीचा झोत मधल्या सीटवर बरोबर त्यांच्या गुडघ्यांवर येत होता. पहिले दोन चौक गारेगार गेले.

"बघा!" डॉक्टर म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? मेकॅनिक लोकांना मूळ कारण शोधायचंच नसतं."

 सासूबाई गुडघा चोळत होत्या. मग कण्हत जराशा डॉक्टरांच्या बाजूला सरकल्या. डॉक्टर लगेच दाराकडे सरकले. त्या आणखी सरकल्या. डॉक्टर आणखी आक्रसले. टक् असा आवाज झाला आणि झोतातून गरम वाफ यायला लागली.

"पट्टा काढलाय ना आई?"

"काढलाय हो."

"मग गुडघ्यात उरला असेल मॅग्नेट. मुरतो तो."

"मॅग्नेट राहू द्या, केक बघा!" बायको ओरडली. खोक्यात वरचा मजला हळूच एका अंगाला कलायला लागला होता. तिचा आवाज एकदम रडवेला झाला. "थांबवा गाडी."

"एक मिनिट, आता कारण माझ्या अगदी हातात येतंय..."

"कारण गेलं खड्ड्यात! उतरा खाली. मी चालवते."

"अगं, क्लच जुना आहे, तुला..."

"उतरा म्हटलं ना!"

डॉक्टर उतरले. पलीकडच्या दाराने पुढे चढायला गेले तर तिने तिथेही अडवलं. "खोकं आई धरेल. तुमच्या हातात दिलं तर निदान करायला झाकण उघडाल. तुम्ही मागे हौद्यात बसा."

भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर डॉक्टर बसले. गाडी सुरू झाली आणि एसीही सुरू झाला. सासूबाईंनी पिशवीतून पट्टा काढून पुन्हा गुडघ्याला बांधला, तरी एसी चालूच. चौकामागून चौक गेले, तरी चालूच.

"आई, हे काय गौडबंगाल आहे गं?"

"गौडबंगाल कसलं! स्टिअरिंगखाली दाराजवळ फ्यूजचा डबा आहे बघ, ढिला झालेला. त्यावर जावईबापूंचा गुडघा दाबला की एसी जातो. मी पहिल्याच दिवशी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोण विचारतंय? आणि खरं सांगू, मला ती थंडी सोसत नाही. गुडघा ठणकायला लागला की मी थोडी त्यांच्याकडे सरकते. ते घाबरून दाराला चिकटतात. झाला एसी बंद." त्यांचा चेहरा ओशाळला. "आज मात्र शपथ घेतली होती, काही झालं तरी हलायचं नाही. पण यांनी पट्टाच काढायला लावला. कळ मस्तकात गेली गं, राहवलंच नाही."

बायको आधी रागावली, मग हसायला लागली, आणि इतकी हसली की पुढच्या सिग्नलला बाजूचा स्कूटरवाला वळून बघायला लागला.

हॉटेलात सासूबाईंनी कललेल्या बाजूला खालून वरपर्यंत फुलांचा वेल चढवला. मॅनेजर केकभोवती फिरला.

"हा बाक मुद्दाम दिलाय?"

"अर्थात!" सासूबाई म्हणाल्या.

मॅनेजर खूश झाला. उद्यापासून रोज दुपारी एक केक आणायला सांगून तो आत गेला. बायकोने आईचे दोन्ही हात घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

तेवढ्यात टोमॅटोसारखे लाल झालेले डॉक्टर घाम पुसत आले. त्यांचे डोळे चमकत होते.

"लागला शोध!" ते म्हणाले. "मॅग्नेटचा संबंधच नव्हता. म्हातारी गाडी आहे, केबिनमध्ये तिसऱ्या माणसाचा भार सोसत नाही तिला. दोघंच बसली की एसी ठणठणीत. मागे बसून मी स्वतः खात्री करून घेतलीय."

"म्हणजे तिसऱ्याने मागे बसायचं?" बायकोने विचारलं.

"मीच बसणार! शास्त्र म्हणजे त्याग आलाच." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते ऐटीत हौद्यात चढले.

बायकोने गाडी सुरू केली. गार वारा सुटला. सासूबाईंनी मागच्या काचेतून जावयाकडे एकदा पाहिलं. उन्हात डोळे बारीक करून ते समाधानाने हसत होते.

"अगं, सांगू या का त्यांना?"

"सांगू ना," बायको गिअर टाकत म्हणाली. "उन्हाळा संपू दे."